बायबल, परंपरा आणि शेवटचा शब्द: इव्हँजेलिकल व कॅथलिक यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये शरणपूरची जुनी प्रोटेस्टंट वस्ती आहे, नाशिकरोड आणि त्र्यंबक रोडला कॅथलिक चर्च आहेत आणि शहरभर स्वतंत्र इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच सर्वोच्च मानणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहाच्या, मंडळ्या आहेत. लग्नं, नोकऱ्या, शेजार यांमुळे ही माणसं एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यामुळे पुढचे प्रश्न कुठल्याही पुस्तकातून घेतलेले नाहीत. ते घराघरांत विचारले जातात, कधी प्रेमाने, कधी चिडून. मी स्वतः इव्हँजेलिकल मंडळीत जातो. माझं आजोळ कॅथलिक. माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही, पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं तिच्या माणसांना ओळखता येईल असंच मांडायचा प्रयत्न केला आहे.

दोघेही ख्रिस्तीच. मग मूळ मतभेद कशावर?

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच देव, येशू ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, त्याचं क्रूसावरचं मरण आणि तिसऱ्या दिवशीचं पुनरुत्थान हे सगळं दोघांनाही मान्य. बायबल देवप्रेरित आहे, हेही दोघांना मान्य. वाद त्यापुढे सुरू होतो. देवाने जे सांगितलं ते आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतं, आणि त्याच्या अर्थावरून दोन प्रामाणिक माणसं भांडली तर निकाल कोण देणार?

इव्हँजेलिकल म्हणतो, निकाल बायबलचा. पाळक, धर्मसभा, जुने आचार्य हे सगळे मोलाचे, पण ते बायबलच्या खाली, आणि त्यांचं म्हणणं वचनावर घासून पाहायचं. कॅथलिक म्हणतो, प्रेषितांनी, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांनी, काही लिहून दिलं आणि काही शिकवणुकीतून, उपासनेतून, जगण्यातून पुढे सोपवलं. या दोन्हींचा झरा एकच. आणि त्याचा अधिकृत अर्थ सांगण्याची जबाबदारी ख्रिस्ताने प्रेषितांच्या वारसांवर, म्हणजे पोपशी एकरूप असलेल्या बिशपांवर टाकली.

नाशिककरांना हा प्रश्न अगदीच परका वाटू नये. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या समाधीपुढे उभा राहणारा वारकरी ग्रंथ मानतो आणि गुरुपरंपराही मानतो. ग्रंथाचा अर्थ परंपरेतल्या माणसाकडून ऐकायचा असतो, हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. कॅथलिक मनाची ठेवण समजायला एवढं पुरे. उपमा याहून ताणू नये.

एक गोष्ट मात्र आमच्या बाजूच्या लोकांनी ध्यानात ठेवायला हवी. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'देई वेर्बुम' या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलं आहे की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर नाही, तो त्या शब्दाचा सेवक आहे. तेव्हा "कॅथलिक लोक चर्चला बायबलच्या वर बसवतात" असं प्रवचनात बेधडक सांगणं अन्यायाचं आहे. व्यवहारात तसं होतं का, हा वेगळा वाद. तो जरूर घालावा.

इव्हँजेलिकल म्हणजे नक्की कोण? सीएनआय त्यात धरायची का?

इव्हँजेलिकल हे एखाद्या चर्चचं नाव नाही, तो एक प्रवाह आहे. बायबलचा सर्वोच्च अधिकार, क्रूसावरच्या मरणावर भर, माणसाचं वैयक्तिक मनपरिवर्तन आणि सुवार्ता पोचवण्याची ओढ या चार खुणांवरून तो ओळखला जातो. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकोस्टल, अनेक स्वतंत्र मंडळ्या त्यात येतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) ही २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलं) आणि इतर काही चर्च एकत्र येऊन झाली. तिच्यात बिशप आहेत, ठरलेली उपासनापद्धती आहे, आणि त्याच बाकांवर पक्के इव्हँजेलिकल विचारांचे लोकही बसतात. तेव्हा सीएनआयला एका खणात कोंबू नका.

कॅथलिक बायबल वेगळं असतं का? आमच्यात ६६ पुस्तकं, त्यांच्यात ७३ कशी?

नवा करार दोघांचा सारखाच, २७ पुस्तकांचा. फरक जुन्या करारात आहे: एकीकडे ३९, दुसरीकडे ४६.

दोन्ही बायबलं शेजारी ठेवून अनुक्रमणिका उघडा. कॅथलिक बायबलात नहेम्यानंतर एस्तेर यायच्या आधी तोबित आणि ज्युडिथ ही दोन पुस्तकं लागतात. पुढे मक्काबींची दोन, शलमोनाचा ज्ञानग्रंथ, बेन सिराख आणि यिर्मयाच्या विलापगीतानंतर बारूख. आता दानिएल काढा. आमच्यात तो बाराव्या अध्यायाला संपतो, त्यांच्यात चौदाव्याला. तेराव्या अध्यायात सुसान्नेची गोष्ट आहे. दोन वडीलधारे पुरुष तिच्यावर खोटा आळ घेतात, आणि तरुण दानिएल दोघांना वेगवेगळं उभं करून विचारतो की कोणत्या झाडाखाली पाहिलंत. दोघे वेगवेगळी झाडं सांगतात आणि पकडले जातात. देवप्रेरित मानो वा न मानो, गोष्ट वाचावी अशी आहे.

फरक पडला तो असा. येशूच्या आधीच्या शतकांत यहुदी शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं होतं, त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. आरंभीची मंडळी बहुतांशी तेच वाचत असे, आणि त्याच्या प्रतींमध्ये ही पुस्तकं होती. यहुदी परंपरेत जो हिब्रू संग्रह स्थिर झाला त्यात ती नाहीत. चौथ्या-पाचव्या शतकात बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या, हिब्रू जाणणाऱ्या जेरोमला त्यांच्याबद्दल शंका होती, तर हिप्पोचा बिशप ऑगस्टीन ती शास्त्रात धरत असे. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या ३९३ च्या आणि कार्थेजच्या ३९७ च्या सभांनी ती यादीत घेतली. सोळाव्या शतकात रोमपासून वेगळे झालेल्या लूथर वगैरे सुधारकांनी हिब्रू यादी धरली. लूथरच्या १५३४ च्या जर्मन बायबलात ही पुस्तकं छापलेली होती, पण दोन करारांच्या मध्ये, वेगळी काढून. कॅथलिक बिशपांच्या ट्रेंटच्या परिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी ती शास्त्राचाच भाग असल्याचं ठरवून टाकलं.

म्हणून "कॅथलिकांनी पुस्तकं घुसडली" हे खरं नाही आणि "लूथरने पानं फाडली" हेही खरं नाही. दोन्ही वाक्यं मी नाशिकमध्येच ऐकली आहेत.

सात पुस्तकांनी एवढा काय फरक पडतो?

२ नोव्हेंबरला कॅथलिक दफनभूमीत जाऊन पाहा. कबरी धुतलेल्या असतात, झेंडूची फुलं, मेणबत्त्या, आणि धर्मगुरू मृतांसाठी प्रार्थना म्हणत असतात. या प्रार्थनेला शास्त्राचा जो थेट आधार दिला जातो तो मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. यहूदा मक्काबी युद्धात पडलेल्यांच्या पापांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवतो. ज्यांच्या बायबलात ते पुस्तकच नाही, त्यांना ही प्रार्थना निराधार वाटते. म्हणजे वडील गेल्यावर त्यांच्यासाठी मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) द्यावी की नाही, या घरातल्या वादाचं मूळ अनुक्रमणिकेत आहे.

पण बायबलमध्ये कोणती पुस्तकं असावीत, हे चर्चनेच ठरवलं ना?

कॅथलिक मित्राचा हा सर्वांत जड प्रश्न. त्याला हसून टाळू नका.

नव्या कराराच्या नेमक्या २७ पुस्तकांची यादी आपल्याला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७ सालच्या पत्रात मिळते. त्याआधी तीनशे वर्षं काही पुस्तकांबद्दल मतभेद होते: इब्री लोकांस पत्र, याकोब, पेत्राचं दुसरं, प्रकटीकरण. बायबलच्या आत अनुक्रमणिका नाही. मग 'फक्त बायबल' म्हणणाऱ्याला ती यादी कुठून मिळाली? मंडळीच्या परंपरेतूनच.

इव्हँजेलिकल उत्तर असं आहे की मंडळीने ही पुस्तकं प्रमाण *बनवली* नाहीत, ती प्रमाण आहेत हे *ओळखलं*. मेंढपाळाचा आवाज मेंढरांनी ओळखला. गंमत अशी की कॅथलिक चर्चही जवळपास हेच म्हणतं. १८७० च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की ही पुस्तकं पवित्र आहेत ती चर्चने मान्यता दिली म्हणून नव्हे, तर देव त्यांचा कर्ता आहे म्हणून. उरतो एवढाच प्रश्न: ही ओळख अचूक झाली याची खात्री कशी? कॅथलिक म्हणतो, पवित्र आत्म्याने चर्चला चुकू दिलं नाही म्हणून. आम्ही म्हणतो, देवाने आपलं वचन राखलं म्हणून. मला आमचं उत्तर पटतं, पण ते वाटतं तितकं सोपं नाही. निदान एका ठिकाणी आपण सगळे आरंभीच्या मंडळीच्या निर्णयावर विसंबून आहोत, हे मान्य केल्याने बायबलचा अधिकार कमी होत नाही.

'फक्त बायबल' असं बायबलमध्ये कुठे लिहिलं आहे?

त्या शब्दांत कुठेच नाही. नेहमी दाखवला जाणारा उतारा म्हणजे २ तीमथ्य ३:१६-१७. प्रत्येक शास्त्रलेख देवप्रेरित आहे, शिकवायला, दोष दाखवायला, सुधारायला उपयोगी आहे, आणि त्यामुळे देवाचा माणूस प्रत्येक चांगल्या कामासाठी सज्ज होतो. कॅथलिक म्हणतो, "उपयोगी आहे, मान्य. पुरेसं आहे असं कुठे म्हटलंय?" इव्हँजेलिकल सतराव्या वचनावर बोट ठेवतो: सज्ज होतो, मग आणखी काय हवं?

मग कॅथलिक २ थेस्सलनी २:१५ काढतो. तिथे प्रेषित पौल म्हणतो, आमच्याकडून तोंडी किंवा पत्राने जे शिकलात ते धरून राहा. तोंडीही! आणि १ तीमथ्य ३:१५ मध्ये सत्याचा स्तंभ आणि पाया म्हटलं आहे ते जिवंत देवाच्या मंडळीला. यावर आपण मार्क ७ काढतो. माणसांच्या परंपरेसाठी देवाची आज्ञा मोडता, असं येशू परूश्यांना, म्हणजे एका कर्मठ यहुदी पंथाच्या लोकांना, सुनावतो. कॅथलिक म्हणतो, ती माणसांची परंपरा, आम्ही बोलतोय प्रेषितांची. आणि तिथेच खरा प्रश्न उघडा पडतो: आज आपल्या हातात असलेली कोणती प्रथा प्रेषितांपासूनची आणि कोणती नंतरची, हे कसं ओळखायचं? माझ्या मते इव्हँजेलिकल भूमिकेचं बळ इथे आहे. लिहिलेलं तपासता येतं. बिरुयाचे लोक पौलाचं बोलणंसुद्धा रोज शास्त्रात पडताळून पाहत होते, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्यांचं कौतुकच केलं आहे.

एक खुलासा आमच्याच लोकांसाठी. सुधारकांच्या 'फक्त बायबल'चा अर्थ 'मी, माझं बायबल आणि बाकी कुणी नको' असा कधीच नव्हता. ते निकेयाच्या जुन्या धर्मसभेचा विश्वासांगीकार (श्रद्धेची जाहीर कबुली) मानत, जुन्या आचार्यांचे दाखले पानोपानी देत. त्यांचं म्हणणं एवढंच की न चुकणारा निकष एकच आहे.

परंपरा म्हणजे नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मेणबत्त्या, बाळ येशूची यात्रा वगैरे का?

नाही. इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. कॅथलिक शिकवणुकीत प्रेषितांकडून आलेली परंपरा वेगळी आणि काळानुसार तयार झालेल्या प्रथा वेगळ्या. पहिली बदलता येत नाही, दुसऱ्या बदलतात, बंदही होतात. मिस्सा शतकानुशतकं लॅटिनमध्ये होत असे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती मराठीत आली. ती प्रथा होती म्हणूनच बदलता आली.

नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिरात फेब्रुवारीत यात्रा भरते, नाना धर्मांचे लोक नवस बोलायला येतात. तिथे जाणं हे कोणत्याही कॅथलिकावर श्रद्धेचं बंधन नाही. ती भक्तीची एक रीत आहे. "तुमच्या बायबलात यात्रा कुठे आहे?" असं विचारून इव्हँजेलिकल वाद जिंकत नाही, कारण ती बायबलमध्ये आहे असा दावाच कुणी केलेला नाही. मारियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल, म्हणजे येशूची आई देहासह स्वर्गात घेतली गेली या शिकवणुकीबद्दल, मात्र विचारा. तो १९५० पासून बंधनकारक श्रद्धाविषय आहे, आणि बायबलमध्ये त्याचं वर्णन नाही. खरा मतभेद तिथे आहे.

कॅथलिक बायबल वाचत नाहीत, हे खरं का?

अर्धवट खरं होतं, आता तेवढंही राहिलेलं नाही. घरोघरी बायबल ठेवून रोज वाचण्याचा आग्रह प्रोटेस्टंटांचा. सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. पण त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूने मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलं आणि आदामापासून ख्रिस्तापर्यंतची बायबलची कथा इथल्या माणसाच्या कानावर इथल्या छंदात घातली. आणि आपल्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठी बायबलच्या गोष्टीत दोघांचाही वाटा आहे.

रविवारच्या मिस्सेला एकदा बसून बघा. जुन्या करारातलं वाचन, स्तोत्र, पत्रांतलं वाचन, आणि मग शुभवर्तमान. त्या वेळी सगळे उभे राहतात, अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर छोटा क्रूस काढतात, वाचून झालं की धर्मगुरू त्या पानाचं चुंबन घेतात. आमच्या मंडळीत कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर बसून "वचन काढा" म्हटल्याबरोबर पानांची सळसळ होते, समासात तीन रंगांच्या पेनांनी खुणा केलेल्या असतात, आणि दहावीतला मुलगाही "पण पुढच्या वचनात तर..." म्हणून पाळकाला थांबवू शकतो. तिथलं उभं राहणं मला आवडतं. पण त्या मुलाचं थांबवणं मी कशासाठीही सोडणार नाही.

पोप कधीच चुकत नाहीत, असं कॅथलिक मानतात का?

असं कुठलाच जाणता कॅथलिक मानत नाही. पोपही पापनिवेदन करतात. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवलं ते इतकंच: पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने, संपूर्ण चर्चसाठी, श्रद्धा किंवा नीतीबद्दल एखादी शिकवण कायमची निश्चित करतात, तेव्हा देव त्यांना चुकीपासून राखतो. त्यानंतर हा अधिकार उघडपणे एकदाच वापरला गेला, तो वर सांगितलेला १९५० चा. रोजच्या मुलाखती, राजकारणावरची मतं यांत हे येत नाही.

आधार मत्तय १६:१८-१९ चा: येशू पेत्राला म्हणतो की या खडकावर मी माझी मंडळी उभारीन, आणि त्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देऊ करतो. आमची हरकत अशी की पेत्राला मिळालेला मान रोमच्या प्रत्येक बिशपाकडे, म्हणजे पोपकडे, जातो, हे त्या उताऱ्यात नाही. गलती २:११ मध्ये पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केला, हेही आम्ही दाखवतो. त्यावर कॅथलिक म्हणतो की पेत्राचं ते वागणं चुकलं होतं, शिकवण नाही. हा बचाव रास्त आहे.

मग इव्हँजेलिकल मंडळीत शेवटचा शब्द कुणाचा?

कागदावर बायबलचा. प्रत्यक्षात, खरं सांगायचं तर, कित्येकदा पाळकाचा. ज्या मंडळीला वडीलमंडळ नाही, हिशेब तपासणारा कुणी नाही, बाहेरची देखरेख नाही, तिथे "देवाने मला दाखवलं" एवढं म्हटलं की प्रश्न संपतात. पोप नको म्हणणाऱ्यांनी घरोघरी छोटे पोप तयार करावेत, ही सुधारकांची शिकवण नव्हे. मंडळी निवडताना तिचा लिखित विश्वासनामा मागा, निर्णय कोण घेतं ते विचारा, आणि पाळकाच्या प्रवचनावर वचन दाखवून शंका घेता येते का ते पाहा. शंका घेतल्यावर तुम्हाला बंडखोर ठरवत असतील, तर तिथे बायबलचा अधिकार चालत नाही.

आणि फुटीचं काय, असं कॅथलिक विचारतात. एकच बायबल वाचून इतक्या मंडळ्या का? याचं दुःख आम्हाला असायला हवं. कुणी एक अंतिम पंच असला की फूट टळते, हे मात्र मला पटत नाही. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची चर्च लूथरच्या कितीतरी आधी वेगळी झाली होती.

हा वाद युरोपातला. मराठी माणसाने तो का वाहायचा?

कारण मराठी माणसांनी तो स्वतःच्या जिवावर घेतलेला आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले, नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले गेले आणि उत्तरायुष्यात अँग्लिकन चर्चच्या परंपरेला मानणाऱ्या प्रवाहाकडे ओढले गेले. त्यांच्या लेखनाचा पंडिता रमाबाईंवर मोठा प्रभाव होता. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, आणि थोड्याच काळात तिथल्या अँग्लिकन मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारातून वाद सुरू झाला. चर्च सांगतं म्हणून माना, हे रमाबाईंना मान्य नव्हतं. मोठ्या कष्टाने मी पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता धर्मगुरूंचं प्रत्येक म्हणणं देवाची आज्ञा समजून दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी कळवलं. पुढे केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणलं. ते १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. दोन चित्पावन, दोघांनाही शास्त्राभ्यासाची घरची सवय, आणि अधिकाराच्या प्रश्नावर दोघांची दोन टोकं. हा वाद आपलाच आहे.

नाशिकचाही त्यात धागा आहे. शरणपूरच्या मिशनने गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना शिकवलं. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढे मिशनरी आणि शोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या आफ्रिकेतल्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला तेव्हा तिथे ना पाद्री होता ना चर्च. दफनविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे, या प्रोटेस्टंट हट्टाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि त्याने वाचला तो मंडळीने घडवलेला विधी होता, हेही खरं.

प्रभुभोजन एकमेकांकडे घेता येतं का?

कॅथलिक मिस्सेत इतरांना सहसा नाही. हा अपमान समजू नका. त्यांच्या दृष्टीने ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजनातली भाकर) घेणं म्हणजे त्या चर्चशी पूर्ण एकरूप असल्याची कबुली. रांगेत न जाता जागेवर बसून राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही. बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाला बोलावतात, पण कॅथलिकाने तिथे घेऊ नये असा त्याच्या चर्चचा नियम आहे. त्याला आग्रह करू नका.

मुलगा कॅथलिक, मुलगी इव्हँजेलिकल. लग्न कसं करायचं?

कॅथलिक बाजूला बिशपांची परवानगी लागते. ती आपापल्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) फादरांमार्फत मागतात, म्हणून हॉल ठरवायच्या आधी त्यांना भेटा. कॅथलिक जोडीदाराला दोन गोष्टींचं वचन द्यावं लागतं: आपली श्रद्धा सोडणार नाही, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं म्हणून आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून वचन घेत नाहीत, पण त्याला किंवा तिला हे स्पष्ट सांगितलं जातं. मुलीच्या घरच्यांनी हे वाचून घ्यावं आणि मनापासून बोलावं. "पुढचं पुढे बघू" म्हणून झालेल्या लग्नांत पहिल्या बाळाच्या बारशालाच भांडण उभं राहतं.

दुसरीकडे बऱ्याच इव्हँजेलिकल मंडळ्या मुलाला पाण्याचा बाप्तिस्मा घ्यायला सांगतात, कारण तान्हेपणीचा त्या धरत नाहीत. कॅथलिक चर्च मात्र पाण्याने आणि त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने झालेला इतर चर्चचा बाप्तिस्मा खरा मानतं, आणि तो पुन्हा होऊ शकत नाही असं शिकवतं. मुलाच्या आईला दुसरा बाप्तिस्मा म्हणजे पहिला खोटा ठरवणं वाटतं. तिचं रडणं हटवादीपणा नसतो, तेवढं आपल्या पाळकांनी समजून घ्यावं.

दोन्ही घरांनी मिळून बायबल वाचायचं तर कसं?

लूकपासून सुरुवात करा. वादाची वचनं शोधत बसू नका, क्रमाने वाचा, ती आपोआप येतील. दोन्ही भाषांतरं जवळ ठेवा. एखाद्या उताऱ्यावर अडलात तर फादर काय शिकवतात ते कॅथलिक माणसाने सांगावं आणि पाळक काय शिकवतात ते दुसऱ्याने. एकमेकांच्या चर्चचं म्हणणं दुसऱ्याने सांगू नये, निम्मी भांडणं तिथूनच होतात. लूक संपला की प्रेषितांची कृत्ये घ्या. पंधराव्या अध्यायात यरुशलेमची सभा लागेल. वाद होतो, पेत्र बोलतो, याकोब शास्त्राचा दाखला देतो, आणि मग सगळी मंडळी निर्णय लिहून पाठवते. तो अध्याय दोन बैठकांत वाचा, एकीत पुरा होत नाही.